नवा ड्रायव्हर टाकला की जुने व्हिडिओ कार्ड मंदावते काय?

सिहोऱ्याच्या बाजारात आमचे कापडाचे दुकान आहे. पुढे साड्या, सूटपीस, चादरी, टॉवेल आणि मागच्या खोलीत पुतण्याचे लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगचे काम. दोन्ही धंद्यांचा हंगाम एकच, लग्नसराईचा. बस्ता बांधायला आलेले गिऱ्हाईक जाता जाता शूटिंगचाही भाव विचारते, त्यामुळे हा जोडधंदा आम्हाला बरा पडतो. लोक अजून ‘कॅसेट कधी देता?’ असेच विचारतात, आम्ही देतो मात्र पेनड्राइव्ह.

संगणकातले आम्हाला फारसे कळत नाही. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, मराठी आम्ही गिऱ्हाईकांच्या तोंडून शिकलो आणि संगणकाच्या पडद्यावरचे इंग्रजी अजून पुतण्या वाचून दाखवतो. तरीही या विषयावर लिहायला बसलो, कारण २०२३ च्या उन्हाळ्यात त्या मागच्या खोलीत जे घडले त्यात आमचा पैसा अडकला होता आणि एका गरीब पोराची अब्रूही. शूटिंग, फ्लेक्स, डिझाइन, एम्ब्रॉयडरी असे संगणकावरचे काम आपल्या कारागीर बांधवांत आता बरेच झाले आहे. बहुतेकांच्या मशीनमध्ये आमच्यासारखेच जुने, दुसऱ्या हाताचे कार्ड असते. त्यांना आमचा अनुभव उपयोगी पडावा.

झाले असे. एप्रिलच्या मध्यावर तुमसरचा एक तरुण मेकॅनिक मशीन पाहायला आला. पडदा मधूनच काळा पडत होता. त्याने व्हिडिओ कार्डाचा नवा ड्रायव्हर टाकला, काळा पडदा थांबला, सहाशे रुपये मजुरी ठरली. पैसे दोन दिवसांनी देतो म्हणून आम्ही त्याला वाटेला लावले. आठवड्याभरात पुतण्याची तक्रार सुरू झाली. “चाचा, मशीन मंद झाली. जानेवारीत दहा मिनिटांचा व्हिडिओ अठरा मिनिटांत निघत होता, आता अर्धा तास खातो.” इकडे वधूपिता रोज दुकानात येऊन उभे. “शेटजी, पोरीच्या सासरचे विचारून राहिले.” आम्ही मेकॅनिकला फोन केला. तो साधेपणाने म्हणाला, “कार्ड जुने झाले शेटजी, नवे घेतले तर बरे. साडेचौदा हजारात बसवून देतो.”

बस्स! आमच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नवे कार्ड विकायचे म्हणून ड्रायव्हर टाकून जुने मंद केले, हा त्याचा आणि कंपनीचा मिळून डाव! आम्ही त्याचे सहाशे रुपये अडवले आणि चहाच्या टपरीवर तीन दुकानदारांना हा किस्सा रंगवून सांगितला. पोरगा सिहोऱ्याला यायचा बंद झाला.

संशय आकाशातून पडला नव्हता

आमची बदगुमानी चुकीची होती हे पुढे कळेलच. पण ती अगदीच निराधार होती असेही नाही. ॲपल कंपनीने जानेवारी २०१७ मध्ये आयफोनसाठी जी सुधारणा दिली तिने जुन्या बॅटरीच्या फोनचा वेग खरोखर कमी केला होता. गिऱ्हाईकांना हे धड सांगितले नव्हते. डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने कबुली दिली. थकलेल्या बॅटरीवर फोन अचानक बंद पडू नये म्हणून तसे केले, असा तिचा खुलासा. ऑक्टोबर २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने अशाच प्रकरणांत ॲपलला एक कोटी युरो व सॅमसंगला पन्नास लाख युरो दंड केला, फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्सने ॲपलला अडीच कोटी युरोंचा दंड ठोठावला आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेतल्या दाव्यात कंपनीने पन्नास कोटी डॉलरपर्यंत तडजोड मान्य केली. एवढे झाल्यावर ‘सुधारणा’ हा शब्द ऐकून माणसाने खिसा चाचपला तर त्याला दोष कसा द्यावा?

पण ती गोष्ट फोनच्या बॅटरीची. व्हिडिओ कार्डाबाबत काय?

ड्रायव्हर म्हणजे कोण

ड्रायव्हर म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे नागपूरहून माल आणणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर येतो. हा ड्रायव्हर म्हणजे एक प्रोग्राम आहे आणि त्याचे काम दुभाष्याचे आहे. मिक्सिंगचा प्रोग्राम सांगतो, ‘नवरीचे चित्र फिकट करून त्यावर फुलांची चौकट चढव.’ कार्डाला ही बोली कळत नाही. त्याला लागतात अगदी बारीक, त्याच्याच घडणीचे हुकूम. ड्रायव्हर मधे बसून एकाचे दुसऱ्याला समजावतो. दुभाष्या हुशार असेल तर तेच काम थोड्या हुकमांत होते, नवखा असेल तर कार्डातले अर्धे मजूर रिकामे बसून राहतात. एकाच थानातून एक कटिंग मास्टर सात कुर्ते काढतो आणि दुसरा सहा, त्यातलाच हा प्रकार.

आता कंपनी दर दोन-तीन वर्षांनी कार्डाची नवी घडण काढते. प्रत्येक घडणीची भाषा वेगळी. कंपनीचे इंजिनिअर नव्या खेळासाठी, नव्या प्रोग्रामसाठी ड्रायव्हरमध्ये हातकारागिरी करीत असतात आणि साहजिकच त्यांचा वेळ आधी नव्या मालावर जातो, कारण विकायचा तोच आहे. जुन्या कार्डाचा भाग ड्रायव्हरमध्ये असतो, पण त्याला नव्याने हात लागत नाही. मालेगाव-भिवंडीच्या बांधवांना हे सांगायला नको. रेपिअर माग आला म्हणून जुना साधा माग मिनिटाला कमी फटके मारू लागला नाही. पण चांगला फिटर रेपिअरकडे गेला आणि जुन्याचे सुटे भाग शोधत फिरायची वेळ आली.

याचा सर्वांत गाजलेला दाखला २०१५ चा. हे वाद संगणकावर खेळ खेळणाऱ्यांत पेटतात, कारण ती मंडळी सेकंदाला किती चित्रे आली हे तराजूत घालून मोजतात. १९ मे २०१५ रोजी ‘द विचर ३’ हा खेळ बाजारात आला. एनव्हिडिया कंपनीचे जीटीएक्स ७८० हे कार्ड मे २०१३ मध्ये ६४९ डॉलरला निघाले होते, त्याच्या घडणीचे नाव केप्लर. जानेवारी २०१५ मध्ये मॅक्सवेल घडणीचे जीटीएक्स ९६० आले, किंमत १९९ डॉलर. नव्या खेळात हे स्वस्त कार्ड त्या महागड्याच्या बरोबरीला येऊ लागले. लोक खवळले, ‘कंपनीने ड्रायव्हरमधून आमची जुनी कार्डे मुद्दाम मारली’ असा गलका झाला. कंपनीने केप्लरच्या बाबतीत काम राहून गेल्याचे मान्य केले आणि महिनाअखेरीस दिलेल्या ३५३.०६ क्रमांकाच्या ड्रायव्हरमध्ये केप्लर कार्डांचा वेग त्या खेळात सुधारून दिला.

इथे थांबून विचार करावा. नव्या ड्रायव्हरने जुने कार्ड मारले असते तर जुना ड्रायव्हर परत टाकल्यावर ते धावायला हवे होते. झाले उलटे, नव्या ड्रायव्हरनेच त्याची चाल वाढवली. म्हणजे तो कापाकापीचा मामला नव्हता, दुर्लक्षाचा होता. अशा तक्रारींनंतर तंत्रज्ञ पत्रकारांनी एकच जुने कार्ड घेऊन त्यावर जुना आणि नवा ड्रायव्हर असे आळीपाळीने टाकून मोजमाप केले आहे. फरक बहुधा किरकोळच निघतो आणि तो दोन्ही बाजूंना असतो, कुठे थोडा कमी, कुठे थोडा जास्त. जुने कार्ड मागे पडते ते शेजारचे नवे पुढे पळते म्हणून.

तरीही नव्या ड्रायव्हरने नुकसान केल्याची उदाहरणे नाहीत असे म्हणणे खोटे ठरेल. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाने १९६.७५ हा ड्रायव्हर बाजारातून मागे घेतला, कारण त्यात पंख्याचा ताबा बिघडून कार्डे तापत होती. नोव्हेंबर २०१५ मध्ये एएमडीच्या क्रिमसन ड्रायव्हरने काही रेडिऑन कार्डांचे पंखे कमी वेगावरच अडकवून ठेवले, दुरुस्ती काही दिवसांत आली. या चुका होत्या आणि पकडल्या गेल्या. जानेवारी २०२० ची गोष्ट मात्र वेगळी. इंटेलच्या प्रोसेसरमध्येच जे ग्राफिक्स असते त्यात माहिती फुटण्याची एक फट सापडली. २०१२-१३ च्या पिढीच्या चिप्ससाठी लिनक्सवर जी पहिली दुरुस्ती तयार झाली तिने चाचण्यांत त्यांचा वेग चांगलाच पाडला, नव्या चिप्सना मात्र फारसा धक्का लागला नाही. पुढे ती दुरुस्ती सुधारावी लागली. त्याआधी जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधल्या मोठ्या दोषांवर जे उपाय आले त्यांच्याबद्दल मायक्रोसॉफ्टने स्वतःच जाहीर केले होते, की विंडोज ७ किंवा ८ असलेल्या जुन्या मशीन वापरणाऱ्या बहुतेकांना वेग घटल्याचे जाणवेल. तेव्हा जुन्या मालावर सुधारणेचा भार पडतो, हे खरे आहे. पण तो सुरक्षेच्या कुलपाचा भार असतो आणि बहुधा उघड सांगितलेला असतो.

घड्याळ लावून पाहिले

आता आमच्या मागच्या खोलीत परत येऊ. मे उजाडला, ऊन पंचेचाळिसाच्या वर, आणि साडेचौदा हजारांचे कार्ड आम्ही घेणारच होतो. बयाण्याचे पैसे त्यात जाणार होते. पुतण्याच म्हणाला, “चाचा, गिऱ्हाईक म्हणते कापड आटले, तर तुम्ही आधी मीटरपट्टी लावता. इथेही लावून पाहू.”

पोराने एकच दहा मिनिटांचा व्हिडिओ निवडला, जानेवारीत काढलेलाच. नव्या ड्रायव्हरवर तो एकतीस मिनिटांत निघाला. मग नवा ड्रायव्हर पुरता काढून जुना बसवला. तोच व्हिडिओ, तीच मशीन, तीच दुपार. तीस मिनिटे! आम्ही घड्याळ दोनदा पाहिले. डाव ड्रायव्हरचा असता तर आकडा अठरावर यायला हवा होता.

मग पुतण्याने जीपीयू-झेड नावाचा एक मोफत प्रोग्राम चालवला. तो कार्डाचे तापमान आणि चाल दोन्ही दाखवतो. व्हिडिओ सुरू झाला की दोन-तीन मिनिटांत तापमान चढायचे आणि चाल धापकन खाली यायची. ही कार्डाची स्वतःची सोय आहे. एका मर्यादेपलीकडे तापले की ते जळू नये म्हणून आपोआप हळू चालते, उन्हात नांगराचा बैल सावली धरतो तसे. पेटी उघडली आणि आम्हाला आमचाच माल आत दिसला. कापडाची लव! पंख्यामागच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत सुती लवेचा जाडजूड नमदाच बसला होता, त्यात गुलाबी, हिरवा, पिवळा असा सगळ्या साड्यांचा रंग. थान उलगडले, झटकले की जे उडते ते चार वर्षे हे कार्ड ओढून घेत होते. जानेवारीच्या थंडीत ते निभावले, एप्रिल-मेमध्ये दम लागला. ड्रायव्हर नेमका ऊन चढायच्या सुमारास पडला, म्हणून पाप त्याच्या माथी गेले.

मऊ ब्रश, हवा मारायचा पंप आणि चिपवरचा वाळलेला लेप पुसून नवा लेप, एवढ्यावर तोच व्हिडिओ एकोणीस मिनिटांत निघाला. मग मेकॅनिकने टाकलेला नवा ड्रायव्हर पुन्हा बसवला. पुन्हा एकोणीस, वर काही सेकंद. लेपाची पुडी दीडशे रुपयांना पडली होती.

आता कारागीर बांधवांसाठी जे शिकलो ते. मशीन मंदावली की प्रथम एक ठरलेले काम घड्याळ लावून करावे आणि ते आकडे, तारीख, हवामान वहीत लिहून ठेवावे. ‘पूर्वी भराभर चालायचे’ ही आठवण हिशेब नाही. ड्रायव्हर बदलल्यावर पहिल्या वेळी काम थोडे रेंगाळते, त्याने घाबरू नये, कारण ड्रायव्हरने आधी तयार करून ठेवलेले साचे पुसले जातात आणि ते नव्याने कापावे लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी चाल पूर्ववत होते. विंडोज कधी कधी आपणहून ड्रायव्हर बदलते, तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचे नाव पाहावे. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असे दिसले तर खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही आणि कार्ड असून नसल्यासारखे आहे. त्याच जागी ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण असते, त्याने आधीचा परत येतो. मिक्सिंगवाल्यांनी आणखी एक पाहावे. मिक्सिंगचा प्रोग्राम नवा घेतला आणि त्याने जुन्या कार्डाला नाकारले, तर तो सारे ओझे प्रोसेसरवर टाकतो. प्रीमिअरमध्ये तेव्हा ‘सॉफ्टवेअर ओन्ली’ असे लिहून येते. तिथे दोष ड्रायव्हरचा नसतो, प्रोग्रामने जुन्या गड्याला कामावरून काढलेले असते.

आणि लग्नसराईच्या भर हंगामात, काम नीट चालू असताना, उगाच ड्रायव्हर बदलू नये. चालता ड्रायव्हर पेनड्राइव्हवर जपून ठेवावा. बदलायचा तर पावसाळ्यात, धान लावणी चालू असते आणि दुकानात माशा मारायची वेळ असते तेव्हा.

दुसऱ्या हाताचे कार्ड घेताना

पैसा खरा बुडतो तो इथे. कंपनी एखाद्या घडणीचे ड्रायव्हर कधी बंद करते ते आधी पाहावे. एनव्हिडियाने फर्मी घडणीला एप्रिल २०१८ मध्ये निरोप दिला, ३९१.३५ ही तिची शेवटची मोठी पायरी. केप्लरचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२१ पासून थांबले, सुरक्षेच्या दुरुस्त्या सप्टेंबर २०२४ पर्यंत चालल्या. जीटीएक्स ७५०, ९५०, १०५०, १०६० ही आपल्याकडे फार चाललेली कार्डे मॅक्सवेल व पास्कल घडणीची. त्यांना खेळांसाठीचा शेवटचा ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये मिळाला आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील असे कंपनीने जाहीर केले आहे. एएमडीने एचडी ७०००, आर९ २०० व ३०० या मालिका जून २०२१ मध्ये जुन्या खात्यात टाकल्या. विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्तीही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. ज्यांची मशीन इंटरनेटला जोडलेली आहे, गिऱ्हाईकांचे फोटो आणि बँकेचे व्यवहार तिच्यावरच आहेत, त्यांनी ‘जुनाच ड्रायव्हर बरा’ म्हणून वर्षानुवर्षे बसून राहणे धोक्याचे आहे. वेग वाचवायला गेलो आणि कुलूप उघडे राहिले, असे होईल.

एक ठळक सावधगिरी. जीटी ७३० हे नाव असलेले कार्ड २०१४ पासून दोन वेगळ्या घडणींत विकले गेले आहे. एकात केप्लरचे ३८४ गाभे, दुसऱ्यात फर्मीचे अवघे ९६. खोक्यावरचे नाव मात्र एकच! एकाच छापाच्या दोन साड्या, एकीत ताणा-बाणा भरीव आणि दुसरी धुतली की चाळणी, असा हा माल. फर्मीवाल्याला २०१८ नंतर नवा ड्रायव्हर मिळालाच नाही. घेणारा मात्र म्हणत राहतो, ‘शेजाऱ्याचे तेच कार्ड पळते, माझे ड्रायव्हरने मारले.’ पैसे मोजण्याआधी जीपीयू-झेड चालवून आतल्या चिपचे नाव पाहावे, खोक्यावर जाऊ नये. दुकानदार चालवून दाखवायला का-कू करील तर उठून यावे.

त्या मेकॅनिकला आम्ही जूनमध्ये तुमसरला जाऊन भेटलो. त्याचे सहाशे रुपये दिले, वर दोनशे ठेवले. त्याने सहाशे घेतले आणि दोनशे परत केले. म्हणाला, “शेटजी, कार्ड घ्या म्हणालो ती माझीही चूक, पेटी उघडून पाहायला पाहिजे होती. पण तुम्ही ज्या तिघांना सांगितले, त्यांना तेवढे सांगून द्या. तेव्हापासून सिहोऱ्याचे एक काम आले नाही.”

आम्ही परतल्यावर त्याच संध्याकाळी तिघांकडे गेलो. दोघांनी हसून सोडून दिले. तिसऱ्याचे फ्लेक्सचे काम आहे. आमचा किस्सा ऐकल्यापासून त्याने स्वतःच्या मशीनला ड्रायव्हर लावू दिला नव्हता, आणि ती मंदावली तेव्हा पेटी न उघडताच नागपूरहून नवे कार्ड आणून बसवले होते. जुने त्याच्या काउंटरखाली पडून होते. पुतण्याने ते उचलून उजेडात धरले, तर त्याच्याही पात्यांत धुळीचा थर.